पायरी चढण्याआधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत 'कोर्टातले खटले : ओळख आणि अनुभव' या विषयावर बी विंगमधल्या एका सभासदाने केलेले भाषण. वक्ते जिल्हा न्यायालयातून सहायक अधीक्षक म्हणून 2016 साली निवृत्त झाले. अनेकांनी लेखी प्रत मागितल्यामुळे ते जवळजवळ जसेच्या तसे येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



सेक्रेटरींनी मला विषय दिला तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अहो, मी वकील नाही, न्यायाधीश नाही. पस्तीस वर्षं कोर्टात फायली उचलल्या एवढंच." त्यावर ते म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला बोलावतोय. वकील आले की कलमं सांगतात. तुम्ही माणसं सांगा." तेव्हा आज माणसं सांगतो. पण थोडी कलमंही सोसावी लागतील, त्याची आधीच माफी मागतो.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी 1981 पासून रोज ती पायरी चढत होतो, त्यामुळं माझ्या शहाणपणाबद्दल तुम्ही काय ते ठरवा. पण अनुभवानं सांगतो, ही म्हण अर्धीच खरी आहे. ज्या पायरीवर चढायची गरज नव्हती तिथं चढून उद्ध्वस्त झालेली माणसं मी पाहिली. तशीच, जिथं वेळेत चढायला हवं होतं तिथं भीतीनं घरात बसून हक्क गमावलेली माणसंही पाहिली. तेव्हा प्रश्न पायरी चढावी की नाही हा नाही. कुठली पायरी, कधी आणि कशासाठी, हा आहे.

एकच भांडण, तीन दरवाजे

एक उदाहरण घेऊ. हे आपल्या सोसायटीतलं नाही, कुणी कुणाकडं बघू नका! वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्याच्या छतातून पाणी गळतंय. खालचा म्हणतो दुरुस्ती करा, वरचा म्हणतो पाइप सोसायटीचा आहे. खालच्याचं छत खराब झालं, त्याला खर्च भरून हवाय. हा झाला दिवाणी स्वरूपाचा वाद. "माझं नुकसान झालं, ते भरून द्या."

एके दिवशी जिन्यात दोघांची जुंपली. वरच्यानं खालच्याला ढकललं, तो पडला आणि मनगटाचं हाड मोडलं. आता हा फौजदारी मामला झाला. इथं मागणी पैशाची नसते, "कायदा मोडला, शिक्षा द्या" अशी असते. आणि लक्षात घ्या, फौजदारी खटल्यावर नाव असतं 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक'. मार खाल्लेला माणूस तिथं फिर्यादी आणि साक्षीदार असतो, खटला चालवतं सरकार. लोक आम्हाला विचारायचे, "माझीच केस, मग माझा वकील का बोलत नाही?" कारण तिथं सरकारी वकील बोलतो.

आता समजा, या भांडणाला कंटाळून वरच्याची बायको माहेरी निघून गेली आणि तिनं पोटगीचा अर्ज केला. तो तिसरा दरवाजा, कौटुंबिक न्यायालयाचा. तिथं भांडण दोन माणसांचं असतं, पण त्याचा भार बहुतेक वेळा तिसऱ्यावर, म्हणजे मुलावर पडतो.

पुराव्याचं मापही दारागणिक वेगळं. दिवाणीत न्यायाधीश बघतात, कुणाचं म्हणणं जास्त संभाव्य वाटतं. तराजू थोडा जरी एका बाजूला झुकला तरी निकाल तिकडं जाऊ शकतो. फौजदारीत मात्र वाजवी शंकेपलीकडे गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, कारण तिथं माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं. म्हणून एकाच घटनेत माणूस फौजदारीतून सुटतो आणि दिवाणीत भरपाई द्यायला लागते, असं होऊ शकतं. त्यात विसंगती नाही.

दिवाणी : तारखांचं जग

दिवाणी दावा म्हणजे जमीन, घर, पैसा, करार, वाटणी, भाडेकरू. दावा लावतो तो वादी, ज्याच्यावर लावतो तो प्रतिवादी. दावा दाखल झाला की समन्स निघतं आणि बेलिफ ते घेऊन घरी येतो. इथं आपली पहिली चूक होते. लोक दार उघडत नाहीत, सही करत नाहीत. त्यांना वाटतं समन्स घेतलं नाही तर केस होणार नाही. अहो, समन्स दारावर चिकटवूनही लागू करता येतं. मग तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूम होतो. समन्स लागू झाल्यापासून 30 दिवसांत आपलं म्हणणं, म्हणजे कैफियत, द्यायची असते. कोर्ट कारण बघून ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. म्हणून समन्स आलं की घाबरायचं नाही आणि लपायचंही नाही. तारीख वाचायची, कोर्टाचं नाव वाचायचं आणि वकील गाठायचा.

कैफियतीनंतर मुद्दे निघतात, मग पुरावा. सरतपास, उलटतपास, युक्तिवाद आणि निकाल. मधे मधे अर्ज. वाद चालू असताना समोरच्यानं बांधकाम करू नये, घर विकू नये, म्हणून जो तात्पुरता मनाई हुकूम मागतात तो अनेकदा मूळ दाव्यापेक्षा जास्त गाजतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. उसने दिलेले पैसे परत मागायचे असतील तर साधारण तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. आपला स्वभाव काय? "मित्र आहे, देईल की." दोन वर्षं संकोचात जातात, तिसरं वर्ष फोन न उचलण्यात जातं. चौथ्या वर्षी माणूस कोर्टात येतो आणि कायदा सांगतो, उशीर झाला. स्थावर मिळकतीचा ताबा परत मागायला 12 वर्षांची मुदत आहे. हक्क खरा असूनही मुदत गेली म्हणून हरलेली माणसं मी टेबलापलीकडून पाहिली आहेत. त्यांना काय बोलायचं हे मला कधी सुचलं नाही.

तिसरी गोष्ट. हुकूमनामा हातात आला म्हणजे पैसे हातात आले असं नाही. समोरच्यानं ऐकलं नाही तर वसुलीसाठी पुन्हा दरखास्त करावी लागते. मिळकतीबद्दल किंवा पैशाबद्दलच्या हुकूमनाम्याची दरखास्त 12 वर्षांच्या आत करता येते. आमच्याकडं पक्षकार गमतीनं म्हणायचे, "साहेब, दावा जिंकलो, आता खरी केस सुरू."

आपल्यासारख्या सोसायट्यांचे वाद मात्र बरेचदा या कोर्टात येतच नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 91 खाली सोसायटीच्या कारभाराशी संबंधित वाद सहकार न्यायालयात जातात. मेंटेनन्सची थकबाकी असेल तर निबंधकांकडून वसुली दाखला घेता येतो. बिल्डरनं इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडं मानीव अभिहस्तांतरणासाठी, ज्याला आपण डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो, त्यासाठी अर्ज करता येतो. ही दारं माहीत नसल्यामुळं लोक चुकीच्या कोर्टात वर्षं घालवतात.

फौजदारी : भीतीचं जग

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम. कलमांचे आकडे बदलले. सिनेमात ऐकलेलं 302 आता खुनाचं कलम राहिलेलं नाही. पण मूळ गोष्टी त्याच आहेत.

गुन्हे दोन प्रकारचे, दखलपात्र आणि अदखलपात्र. साधी थप्पड, किरकोळ धक्काबुक्की ही अदखलपात्र. पोलीस ती नोंदवून घेतात, पण मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत. त्याला आपण 'एनसी' म्हणतो. मघाच्या उदाहरणात हाड मोडलं की ती गंभीर दुखापत होते आणि गुन्हा दखलपात्र होतो. तिथं पोलिसांनी एफआयआर नोंदवायला हवा आणि त्याची प्रत फिर्याद देणाऱ्याला मोफत द्यायला हवी. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते, तिला झीरो एफआयआर म्हणतात. नोंदवून घेतलीच नाही तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडं लेखी द्यायचं आणि तिथंही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करायचा.

चौकशीसाठी नोटीस आली म्हणजे अटक झाली असं नाही. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर महिला, 15 वर्षांखालचे आणि 60 वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब राहत्या जागी घ्यायचा असतो. अटक झालीच तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. आणि जामीन मिळाला म्हणजे निर्दोष सुटला असंही नाही. जामीन म्हणजे खटला संपेपर्यंत बाहेर राहायची अटींवरची परवानगी.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत फौजदारी कोर्ट बहुतेक वेळा एकाच रस्त्यानं येतं, तो म्हणजे न वटलेला चेक. इथं घड्याळ कडक आहे. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस. त्यानं दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हा गुन्हा तडजोडयोग्य आहे, म्हणजे पैसे देऊन मिटवता येतो. मेहुण्याला, मित्राला 'नुसता सिक्युरिटी म्हणून' कोरा चेक देणाऱ्यांनी हे परिच्छेद घरी जाऊन दोनदा वाचावेत.

आणि एक, सी विंगमधल्या आजींनी खास सांगायला सांगितलं म्हणून. व्हिडिओ कॉलवर पोलिसांचा गणवेश दिसतो, "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलं आहे, फोन बंद करू नका, पैसे या खात्यात टाका." असा अटकेचा प्रकार भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. कोर्ट किंवा पोलीस व्हिडिओ कॉलवर पैसे मागत नाहीत. फोन ठेवा आणि लगेच 1930 ला कळवा.

कौटुंबिक : न बोललेल्या गोष्टींचं जग

1984 च्या कायद्यानं कौटुंबिक न्यायालयं आली ती या विचारानं की नवरा-बायकोचं भांडण जमिनीच्या भांडणासारखं चालवू नये. म्हणून तिथं विवाह समुपदेशक असतात. वकील लावणं हा तिथं आपोआप मिळणारा हक्क नाही, कोर्टाच्या परवानगीनं तो येतो. मुलांना भेटण्यासाठी वेगळी खोली असते. मी कामानिमित्त एकदा तिथं गेलो होतो. एक बाबा खोलीबाहेर बसून हातातल्या नव्या खेळण्यावरची किंमतीची चिठ्ठी नखानं खरवडून काढत होता. मुलगी यायला अजून अर्धा तास होता. निकालपत्रात हे कुठं येत नाही.

परस्परसंमतीनं घटस्फोट घ्यायचा तर हिंदू विवाह कायद्याप्रमाणे किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं. मुलाचा ताबा कुणाकडं, या प्रश्नात आईचा हक्क की बापाचा हक्क यापेक्षा मुलाचं हित कशात आहे हे पाहिलं जातं.

पोटगी फक्त बायकोलाच मिळते असा एक गैरसमज आहे. जुनं कलम 125, जे आता नव्या संहितेत 144 आहे, त्याखाली पत्नी, मुलं आणि स्वतःचा खर्च न भागवू शकणारे आईवडील, सगळ्यांना मागता येते. घरातल्या छळाबद्दल 2005 चा कायदा आहे. त्याखाली महिलेला संरक्षण मागता येतं, राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो, घर तिच्या नावावर नसलं तरी. संरक्षण अधिकाऱ्याकडं किंवा मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं.

आणि माझ्या वयाच्या मंडळींसाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा. त्याचं न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, म्हणजे प्रांतांकडं असतं. त्यात कलम 23 फार कामाचं आहे. मुलाला घर बक्षीस दिलं, 'तो माझा सांभाळ करील' या अटीवर, आणि त्यानं सांभाळ केला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा. प्रेमानं लिहायची राहून जाते आणि मग ती सिद्ध करण्यात आयुष्याची शेवटची वर्षं जातात.

आता माझी केस

इतका वेळ दुसऱ्यांचं सांगितलं. आता जे सांगणार आहे ते ताईला विचारून सांगतोय. ती आज पहिल्या रांगेत बसली आहे.

आपली सोसायटी 2000 साली नोंदली गेली तेव्हा बी विंगमधला आमचा फ्लॅट बाबांनी स्वतःच्या फंडाच्या पैशातून घेतला. नॉमिनेशनच्या फॉर्मवर त्यांनी माझं नाव लिहिलं. कारण साधं होतं, ताई लग्न होऊन सांगलीला होती आणि मी इथं होतो. 2008 साली बाबा गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. सोसायटीनं नियमाप्रमाणे शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढवलं.

2010 च्या भाऊबीजेला ताईनं ओवाळलं आणि ताट खाली ठेवता ठेवता विचारलं, "अरे, बाबांच्या घरात माझं काही आहे की नाही?" तेव्हा भाऊजींचं आजारपण चालू होतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "नॉमिनी मी आहे ना."

मंडळी, मी तेव्हा एकोणतीस वर्षं कोर्टात होतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. नॉमिनी हा विश्वस्त, वारसांच्या वतीनं सांभाळणारा. बाबांच्या स्वकष्टार्जित घरात आई, ताई आणि मी, तिघांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा होता. कायदा माझ्या टेबलावर रोज येत होता. तरी मी ते वाक्य बोललो. खोटं नव्हतं ते, मी नॉमिनी होतोच. पण अर्धं सांगितलं आणि उरलेलं अर्धं तिला कळू नये अशी आशा धरली.

ताई काही बोलली नाही. पुढच्या वर्षी राखी आली नाही. 2011 साली तिनं वाटपाचा दावा लावला.

समन्स घेऊन जो बेलिफ आला तो माझ्याच ओळखीचा. डबा आम्ही एकत्र खायचो. दारात उभा राहून तो म्हणाला, "साहेब, माझा नाइलाज आहे." मी सही केली. मग तो म्हणाला, "आईंचीही लागेल." तेव्हा माझ्या लक्षात आलं. वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार पक्षकार करावे लागतात. माझी आई प्रतिवादी क्रमांक दोन होती. मुलीनं लावलेल्या दाव्याच्या समन्सवर तिनं चष्मा शोधून, विचारून विचारून सही केली. सही कुठं करायची हे मी तिला बोटानं दाखवलं. हजारो समन्स माझ्या हाताखालून गेली होती, पण समन्स म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

दोन वर्षं तारखा झाल्या. ज्या इमारतीत मी नोकरी केली तिथंच मधल्या सुट्टीत पक्षकार म्हणून बाकावर बसत होतो. शेवटी न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीकडं पाठवलं. मध्यस्थ बाईंनी पहिल्यांदा वकिलांना बाहेर बसवलं. हिशोब विचारला नाही. त्यांनी विचारलं, "घर सोडून तुम्हाला एकमेकांकडून आणखी काय हवंय?"

ताई म्हणाली, "मला एवढंच हवंय की त्यानं एकदा म्हणावं, त्याला माहीत होतं."

मी म्हणालो, "माहीत होतं."

पुढचं सगळं दीड तासात ठरलं. फ्लॅटची किंमत काढली, ताईचा तिसरा हिस्सा मी दोन हप्त्यांत दिला, तिनं रीतसर नोंदणी करून हक्क सोडला आणि तडजोडीचा हुकूमनामा झाला. आईचा हिस्सा आईकडंच राहिला. पुढं ती गेली तेव्हा तिनं मागं मृत्युपत्र ठेवलं होतं, त्यामुळं हा प्रश्न दुसऱ्यांदा उभा राहिला नाही. आमच्यात शहाणी तीच निघाली.

घरी जाऊन करायच्या गोष्टी

म्हणून आता चार गोष्टी सांगतो आणि थांबतो.

एक. मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण नोंदवलेलं बरं. दोन साक्षीदारांसमोर सही करा. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार घेऊ नका. आणि केल्याचं घरात सांगून ठेवा.

दोन. नॉमिनेशन भरा, पण त्याचा अर्थ मुलांना समजावून सांगा. 2019 च्या दुरुस्तीनंतर तर आपल्या कायद्यातच लिहिलं आहे की वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. मागं मृत्युपत्र नसेल तर घरासाठी वारस दाखला आणि बँकेच्या ठेवी, शेअर्स यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र कोर्टातून घ्यावं लागू शकतं.

तीन. कोर्टाचा कागद आला तर त्याच दिवशी वाचा. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो, तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख आणि झालेले हुकूम मोबाइलवर दिसतात. वकिलाला उठसूट फोन करायची गरज राहत नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना उत्पन्न कितीही असो, तिथं मोफत वकील मिळतो. त्यांचा क्रमांक 15100.

चार. मिटवता येण्यासारखं असेल तर लोकअदालत आणि मध्यस्थी आधी बघा, शेवटी नको. लोकअदालतीत तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणजे भांडण खरोखर संपतं. पण जिथं मारहाण आहे, धाक आहे, तिथं 'घरातलं घरात मिटवा' असा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. तिथं पायरी चढायलाच हवी, आणि शेजारी म्हणून आपण सोबत जायला हवं.

पंचवीस वर्षं आपण एका जिन्यानं वरखाली करतोय. या जिन्यात भेटल्यावर एकमेकांना विचारायचे काही प्रश्न आपण टाळतो. ते प्रश्न वेळेवर विचारले आणि खरी उत्तरं दिली तर कोर्टातल्या बऱ्याच फायली उघडाव्याच लागणार नाहीत. मी एक वाक्य अर्धं बोललो, त्याची किंमत तीन भाऊबीजा.

यंदाच्या राखीला ताई इथंच होती. त्याच फ्लॅटमध्ये.

 

(भाषणानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांतील दोन प्रश्न)

प्रश्न : मुलीचं लग्न बरीच वर्षं आधी झालं असेल तर वडिलोपार्जित मिळकतीत तिला हिस्सा मिळतो का?

उत्तर : मिळतो. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क दिला. तिचं लग्न झालंय की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. दुरुस्तीच्या दिवशी, म्हणजे 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या त्यामुळं उघडत नाहीत.

प्रश्न : तुम्ही दावा शेवटपर्यंत लढला असता तर जिंकला असता का?

उत्तर : नाही. आणि जिंकलो असतो तरी आज पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी असती.